जलजीवालयातील हीटर व तापनियंत्रक

जलजीवालयातील हीटर व तापनियंत्रक : उष्ण प्रदेशांतील माशांच्या टाकीतील पाणी ठरावीक तापमानाला राखणारे विद्युत उपकरण. पाणी तापविणारी तार आणि तिचा विद्युत प्रवाह जोडणारा-तोडणारा नियंत्रक हे त्याचे मुख्य भाग होत. तार तुटली तर पाणी हळूहळू गार होते व इलाजाला वेळ मिळतो. नियंत्रक प्रवाह तोडेनासा झाला, तर मासे काही तासांत मरू शकतात. म्हणून दोषनिदानात नियंत्रकाला अग्रस्थान द्यावे लागते.

आपोआप तापमान राखणाऱ्या उपकरणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. डच संशोधक कोर्नेलिस ड्रेबेल (मृत्यू १६३३) याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा १६२० च्या सुमारास, अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी अल्कोहॉल व पारा यांच्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक बनविला, असे मानतात. मात्र या उपकरणाची माहिती मुख्यत्वे इतरांनी केलेल्या वर्णनांतून मिळते. दोन धातूंची जोडपट्टी जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकाच्या मध्यास कालमापकात वापरली. पण तिचे काम तापमानामुळे घड्याळात येणारी चूक भरून काढण्याचे होते, उष्णता नियंत्रित करण्याचे नव्हे. अशा पट्टीवर चालणाऱ्या तापनियंत्रकाचे एकस्व (पेटंट) स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्रू यूर याने १८३० मध्ये घेतले. कल्पनेचा मान ड्रेबेलकडे जात असला, तरी टाकीतल्या हीटरची वंशरेषा यूरपासून जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. अल्बर्ट मार्श याने १९०६ मध्ये एकस्व घेतलेल्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूमुळे (निक्रोम) टिकाऊ तापतार मिळाली. त्यापूर्वी यूरोपात पाटीच्या दगडाचा तळ असलेल्या टाक्यांखाली दिवा किंवा गॅसची ज्योत ठेवीत. विजेचे हीटर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले असावेत.

नेहमीच्या हीटरमध्ये काचेच्या बंद नळीत चिनी मातीच्या गाभ्यावर निक्रोमची तार गुंडाळलेली असते व वर द्विधातू पट्टी असते. पाणी तापले की पट्टी वाकून संपर्कबिंदू विलग करते. ते झटकन उघडावेत-मिटावेत म्हणून लहान चुंबक बसवितात. तरीही प्रत्येक उघडझापीत ठिणगी पडून बिंदू झिजतात, खडबडीत होतात आणि शेवटी एकमेकांना चिकटतात. यालाच कारागीर ‘पॉइंट चिकटले’ म्हणतात. १०० लिटर पाणी १° से. तापविण्यास सु. ११६ वॅट-तास ऊर्जा लागते. त्यामुळे चिकटलेला ३०० वॅटचा हीटर, उष्णतेचा ऱ्हास वगळता, सु. २३ मिनिटांत एक अंश चढवितो. ५० वॅटच्या हीटरला त्यासाठी दोन तासांहून अधिक लागतात. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान वापरण्याचा सल्ला याच हिशेबावर उभा आहे व तो योग्यच आहे. पाणी तापले की माशांची प्राणवायूची गरज वाढते. उलट गोड्या पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायू २५° से.ला लिटरमागे सु. ८.३ मिग्रॅ., तर ३०° से.ला ७.५ मिग्रॅ.च्या आसपास असतो. अशा वेळी हीटरचा प्लग काढून हवेचा पंप वाढवावा. बर्फ ओतून पाणी एकदम गार करू नये.

हीटर तापतच नसेल, तर प्लग काढून मल्टिमीटरने त्याच्या दोन पिनांमधील रोध पाहतात. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या हीटरचा रोध सु. ५३० ओहम भरतो. अनंत रोध दिसल्यास लगेच तार तुटली असे समजू नये. नियंत्रक उघडा असला तरी तसेच दिसते. तापमान ठरविण्याची खुंटी कमाल अंशावर नेऊन पुन्हा मोजावे. वीजदाब १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर उष्णता सु. ६८ टक्केच मिळते. थंडीच्या रात्री निर्दोष हीटरही त्यामुळे कमी पडतो. नळीत आतून दव दिसल्यास दुरुस्तीच्या फंदात न पडता हीटर टाकून द्यावा. पाणी बदलताना चालू हीटर उघडा पडला व त्यावर गार पाणी आले, तर काच तडकते. अशा पाण्यात हात घालणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून हीटरच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह आढळताच वीज तोडणारा स्विच) असावाच.

बाह्य अंकीय नियंत्रकात बहुधा २५° से.ला १० किलो-ओहम रोध असणारा थर्मिस्टर संवेदक म्हणून असतो. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. संवेदकात पाणी शिरल्यास रोध घटून पाणी गरम असल्याचा भास होतो व हीटर बंद राहतो. वायर तुटल्यास उलटे घडते. दोष ओळखण्याची सोय नसलेला नियंत्रक पाणी अतिशीत समजून हीटर चालूच ठेवतो. संवेदक टाकीबाहेर निसटला तरी परिणाम हाच. हीटर चालू व बंद होण्याच्या तापमानांतील फरक फार कमी ठेवला, तर रिले (हीटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचलित स्विच) वारंवार वाजतो व लवकर झिजतो. हीटरची स्वतःची खुंटी बाह्य नियंत्रकापेक्षा सु. २° वर ठेवल्यास रिले चिकटला, तरी दुसरा अडसर शिल्लक राहतो. आकड्यावर विसंबण्यापूर्वी वेगळ्या तापमापकाने पडताळा घ्यावा.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर हीटरची गरज क्वचित भासते. नाशिक-पुण्याकडे हिवाळ्यात ती नक्की असते. सोनमाशांना (गोल्डफिश) तो सहसा लागत नाही.