कासेलचा हर्क्युलस : डोंगरमाथ्यावरच्या पुतळ्याची पार्श्वभूमी

जर्मनीतील कासेल शहराच्या पश्चिमेला डोंगरमाथ्यावर तांब्याचा हर्क्युलस, म्हणजे ग्रीक पुराणकथांतला महाबली वीर, आपल्या सोट्यावर रेलून उभा आहे. पुतळा सुमारे सव्वाआठ मीटर उंच आहे; परंतु खालची अष्टकोनी दगडी वास्तू आणि तिच्यावरचा पिरॅमिड जमेस धरल्यास एकूण उंची 70 मीटरच्या पुढे जाते. कासेलचे रहिवासी या सगळ्याच डोलाऱ्याला ‘हर्क्युलस’ म्हणतात.

या कल्पनेचे मूळ इटलीत आहे. हेसे-कासेल या छोट्या जर्मन संस्थानाचा अधिपती कार्ल 1699-1700 च्या हिवाळ्यात इटलीत फिरला आणि तेथील डोंगरउतारांवरच्या बागा व पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे पाण्याचे प्रपात पाहून भारावला. परतल्यावर त्याने जोव्हानी फ्रान्चेस्को ग्वेर्निएरो या इटालियन वास्तुविशारदाला पाचारण केले आणि 1701 मध्ये काम सुरू झाले. प्रपात थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेण्याचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे 250 मीटर लांबीचा भाग, बांधून झाला. त्याच काळात कार्लच्या पदरी दनी पापँ हा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचा पूर्वज तयार करणाऱ्या या गृहस्थाने कासेलमध्ये वाफेच्या बळावर पाणी चढवण्याचेही प्रयोग केले. डोंगरावरील प्रपात मात्र आजही पंपाविना, माथ्यावर साठवलेल्या पाण्याच्या नैसर्गिक उतारावरच चालतात.

पुतळ्याचा नमुना नवा नव्हता. रोममधील कॅराकॅला स्नानगृहांच्या अवशेषांत सोळाव्या शतकात सापडलेला, लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या कृतीवरून घडवलेला संगमरवरी हर्क्युलस त्या काळी रोमच्या फार्नेझे प्रासादात होता, आणि युरोपभर त्याच्या प्रतिकृती होत होत्या. पराक्रम संपवून थकलेला वीर, आणि पाठीमागे नेलेल्या हातात हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतील सफरचंदे, ही त्याची ठेवण कासेलमध्येही कायम आहे. आउग्सबुर्गचा सोनार योहान याकोब अँटोनी याने 1713 ते 1717 या काळात तांब्याचे पत्रे ठोकून, आतल्या लोखंडी सांगाड्यावर ही पोकळ मूर्ती उभी केली. सोट्याच्या पोकळीतही माणसे मावतात. सुमारे 170 वर्षांनी न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घडली, तीही ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्यांचीच.

आपले राज्य म्हणजे अराजकावर मिळवलेला विजय, असे दाखवण्याची हौस त्या काळच्या राजेरजवाड्यांना होती आणि त्यासाठी हर्क्युलसइतका सोयीचा नायक दुसरा नव्हता. कासेलमध्ये तर या सोयीसाठी पुराणकथाही थोडी वाकवलेली दिसते. देव आणि राक्षसी गिगांट यांच्या युद्धात एन्सेलॅडस या गिगांटवर सिसिली बेट टाकून त्याला गाडले ते अथेना देवीने, अशी रूढ कथा आहे. येथे मात्र त्याला चिरडल्याचे श्रेय हर्क्युलसकडे जाते. खालच्या कुंडात शिळांखाली दबलेल्या या राक्षसाचे मस्तक तोंडातून पाण्याची उंच धार आकाशाकडे, म्हणजे विजेत्याच्या दिशेने, फेकते.

तांबे टिकले, दगडाने मात्र दगा दिला. बांधकामासाठी जवळच मिळणारा, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला सच्छिद्र टफ दगड वापरला गेला. पाणी आणि बर्फ यांनी तो झिजत असल्याने डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली आहे. 2013 मध्ये युनेस्कोने डोंगरावरील संपूर्ण उद्यानाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. मे महिन्यापासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत दर बुधवारी आणि रविवारी हर्क्युलसच्या पायथ्याशी पाणी सोडले जाते आणि त्याच्याबरोबर पायऱ्या उतरत लोक खाली येतात.