घरात-दुकानात पाणी शिरल्यावर: पाणी ओसरल्यापासून भिंत वाळेपर्यंत

विश्वामित्री नदी पावागडावरून निघते आणि वळणं घेत शहराच्या मधूनच जाते. म्हणून बडोद्यातला पूर पावसाबरोबर संपत नाही. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस झाला, तो आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास, नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 25 फुटांची. पाऊस थांबला तरी वरच्या भागातलं आणि आजवा सरोवरातलं पाणी येतच होतं. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत ते घरांमध्ये तसंच उभं राहिलं.

पूर काही दरवर्षी येत नाही. एरवी आम्हाला, म्हणजे पाणी काढून घरं-दुकानं वाळवून देणाऱ्यांना, बोलावणं येतं ते भिंतीतला पाइप फुटल्यावर, धाब्यावरचं पन्हाळं पालापाचोळ्यानं तुंबल्यावर, किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून छताला ओल आल्यावर. पाणी कुठूनही येवो, आमचं कळकळीचं सांगणं एकच: लादी कोरडी दिसली म्हणजे घर वाळलं असं धरू नका. पाणी उपसायला एक दिवस पुरतो. विटांच्या, लाकडाच्या आणि गिलाव्याच्या पोटातली ओल काढायला आठवडे लागतात आणि खरं नुकसान त्याच आठवड्यांत होतं.

आत पाऊल टाकण्याआधी

मेन स्विच बंद करा. तो पाण्यात असेल किंवा तिथं पोचायला पाण्यातून जावं लागणार असेल, तर हात लावू नका. वीज कंपनीला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्या. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर घरात वीज सोडत राहतो, आणि ही गोष्ट चांगल्या जाणत्या माणसांच्याही ध्यानात राहत नाही. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. फ्रिज, वॉशिंग मशिन, पाण्याची मोटर, यांपैकी काहीही ‘चालतंय का बघू’ म्हणून लावू नका. मोटर उघडून, धुऊन, वाळवून मग लावली तर बहुतेक वेळा वाचते. ओली असताना लावली की जळते.

नदीकाठच्या सोसायट्यांसाठी आणखी एक. पुरानंतर विश्वामित्रीतल्या मगरी अंगणात, पार्किंगमध्ये, तळघरात सापडतात, आणि साप तर कुठेही. गढूळ पाण्यात काठीनं ढवळून बघू नका. वन विभागाला फोन करा आणि त्यांची माणसं येईपर्यंत दार लावून ठेवा. असं ठिकाण मोकळं असल्याची खात्री झाल्याशिवाय आमची माणसंही आत उतरत नाहीत.

पाणी कसलं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं

नळाचं किंवा टाकीचं पाणी सांडलं असेल तर ते स्वच्छ. वॉशिंग मशिनचं, एसीच्या नळीचं, न्हाणीघराचं पाणी मधलं. गटाराचं आणि पुराचं पाणी घाण, मग ते कितीही नितळ दिसो. या व्यवसायातली जगभरची पद्धत असेच तीन वर्ग करते. स्वच्छ पाणीसुद्धा दोन-तीन दिवस साचलं की खालच्या वर्गात जातं. पुराच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलेलं असतं, म्हणून त्यात गमबूट आणि रबरी हातमोज्यांशिवाय उतरू नका. पायाला जखम असेल तर मुळीच नको. पाण्यात वावरल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरा-जनावरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय वेळेत घेतला गेला तर उपचार सोपे असतात.

गाळ ओला असतानाच काढा

विश्वामित्रीचा गाळ बारीक असतो आणि वाळला की लादीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीत, कपाटाच्या पट्ट्यांत दगडासारखा बसतो. पाणी उतरू लागलं की त्याच्याबरोबरच फावड्यानं आणि वायपरनं गाळ बाहेर लोटा. मग भिंती वरून खाली धुवा, साध्या पाइपनं. जोरदार फवारा मारला तर घाण विटांच्या सांध्यांत आणि स्विचबोर्डात शिरते. साबणाच्या पाण्यानं घासल्यानंतरच जंतुनाशक लावायचं, कारण चिखलावर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. संगमरवरी किंवा कोटा फरशीवर ॲसिड तसंही नको, चकाकी कायमची जाते.

वाळवणं

बुरशीला धरायला 24 ते 48 तास पुरतात. म्हणून पहिले दोन दिवस हातातून जाऊ देऊ नका.

सगळ्यांचा पहिला उपाय असतो खिडक्या उघडून पंखे लावण्याचा. मे महिन्यात तो अगदी बरोबर आहे. ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच 85-90 टक्के आर्द्रता असते, म्हणजे ओलं घर आणखी ओल्या हवेला उघडं ठेवल्यासारखं होतं. पंख्यानं पृष्ठभाग कोरडा वाटतो, आतली ओल तिथंच राहते. अशा दिवसांत खिडक्या-दारं बंद करून डीह्युमिडिफायर लावावा लागतो. तो हवेतलं पाणी ओढून बादलीत किंवा नळीनं मोरीत सोडतो. त्याच्या जोडीला जमिनीलगत हवा सोडणारे ब्लोअर लागतात, म्हणजे भिंतीतून सुटलेली वाफ यंत्रापर्यंत पोचते. ऊन पडून हवा कोरडी झाली की यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्यात. कोणत्या दिवशी काय करायचं हे डोळ्यांनी ठरत नाही. एक छोटा आर्द्रतामापक आणा, थोडक्या पैशांत मिळतो. घरातला आकडा बाहेरच्यापेक्षा कमी असेल तर खिडक्या बंद, जास्त असेल तर उघड्या.

स्वच्छ पाणी सांडलेल्या एका खोलीसाठी एसी ‘ड्राय’ मोडवर चालवला तरी काम होतं. अशा वेळी आम्ही यंत्र घेऊन येत नाही, फोनवरच सांगतो.

आता भिंती. 9 इंची विटांची भिंत पाणी वर ओढते, त्यामुळे पुराच्या खुणेच्या बऱ्याच वरपर्यंत ती ओली असते. जाड भिंतीचा ढोबळ अंदाज असा की दर इंचाला साधारण महिना धरावा. यंत्रांनी ही मुदत कमी होते, पण नाहीशी होत नाही. सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट असेल तर ओलीला बाहेर यायची वाट उरत नाही. तिथं खालचा पट्टा खरवडून विटा उघड्या कराव्या लागतात. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. चुन्याचा गिलावा श्वास घेतो आणि सागवानी खांब पाणी पिऊनही सहसा कुजत नाहीत, पण त्यांना सावकाश वाळू द्यावं लागतं. हीटर लावून घाई केली की लाकूड तडकतं. अशा वाड्याला कुणी ‘वर सिमेंट मारून पक्कं करून देतो’ म्हणालं, तर आमची विनंती आहे, करू देऊ नका. आत कोंडलेली ओल पुढच्या काही वर्षांत तुळयांची टोकं खाते.

भिंत वाळली की नाही, हे आम्ही भिंतीतली ओल मोजणाऱ्या मीटरनं ठरवतो. तुमच्याच घरातली, पाणी न लागलेली भिंत आधी मोजतो. तिचा आकडा म्हणजे आपलं माप. ओल्या भिंतीचे आकडे रोज एका तक्त्यात लिहून तुमच्या दारामागे लावतो. ते मापाशी जुळले की काम झालं.

आणि रंग. 2024 ला पुरानंतर गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. पाणी उतरून दहा-बारा दिवस होत नाहीत तोच गणपतीसाठी घर रंगवून हवं, असं अनेक घरांत वाटत होतं, आणि ती भावना आम्हाला पूर्ण कळते. पण ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की दिवाळीच्या आत पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुटतात आणि खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. त्यापेक्षा भिंतीला चुन्याचा हात द्या. तो स्वस्त आहे, ओल अडवत नाही, आणि मखरामागे शुभ्र दिसतो. पक्का रंग हिवाळा लागल्यावर, मीटर बघून.

काय वाचतं, काय सोडावं लागतं

पुराच्या पाण्यात भिजलेली कापसाची गादी, उशा, फोमचे सोफे वाचवू नका. आतली घाण निघत नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचं फर्निचर एकदा फुगलं की पूर्ववत होत नाही. चांगल्या वॉटरप्रूफ प्लायवूडचा ओटा किंवा कपाट मात्र मागची बाजू मोकळी करून वाळवलं तर बहुधा टिकतं, सनमायका नवा लावावा लागेल इतकंच. सागवानी पलंग, देव्हारा, पाट, झोपाळा धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवू नका. पीओपीच्या छताला पोट आलं असेल तर त्याखाली उभं राहू नका, ते कधीही कोसळतं.

पत्रिका, जुनी पत्रं, आजोबांच्या वह्या, फोटोंचे अल्बम यांसाठी आम्ही स्वतंत्र वेळ राखून ठेवतो, कारण बाकी सगळं पुन्हा विकत मिळतं. चिकटलेली पानं किंवा फोटो ओढून वेगळे करू नका. सगळं एकदम वाळवायला जमत नसेल तर दोन दिवसांच्या आत प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तिथं बुरशी थांबते आणि नंतर एकेक गठ्ठा निवांत सोडवता येतो.

बुरशी दिसली तर कोरड्या झाडूनं झाडू नका, तिचे कण घरभर पसरतात. मास्क घालून ओल्या फडक्यानं पुसा. गिलाव्यात खोल गेलेली बुरशी ब्लीचनं फक्त पांढरी पडते; तेवढा गिलावा काढणंच योग्य. दम्याचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना त्या खोलीत झोपवू नका.

दुकान, दवाखाना, तळघर

तळघरातलं पाणी एका दमात उपसून काढण्याचा मोह होतो. बाहेरची जमीन अजून पाण्यानं भरलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर बाहेरच्या दाबानं भिंत आत येऊ शकते किंवा तळ उचलला जातो. म्हणून आम्ही दिवसाला दोन-तीन फूट उतरवतो आणि पाणी पुन्हा चढतं का ते रात्रभर बघतो. दुकान उघडायची घाई आम्हाला दिसत असते, पण यात तडजोड करत नाही. जनरेटर तळघरात ठेवू नका. त्याचा धूर बंद जागेत माणूस मारतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माल बाहेर काढताना ओला, दमट आणि कोरडा असे तीन ढीग करा. दमट ढिगाकडे आधी बघा, वाचण्यासारखं सगळ्यात जास्त तिथं असतं. औषधं आणि खाण्याचे पदार्थ पुराच्या पाण्याला लागले असतील तर सीलबंद दिसले तरी विकू नका.

टाकी

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण रिकामी करून घासा. मग भरून दर 1000 लिटरला साधारण 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घाला, एक दिवस ठेवा, नळांतूनही फिरवा आणि ते सगळं पाणी सोडून द्या. त्यानंतर भरलेलं पाणीही सुरुवातीला उकळूनच प्या.

विमा

साफसफाईआधी फोटो आणि व्हिडिओ काढा: भिंतीवरची पाण्याची खूण, प्रत्येक खोली, उपकरणांचे नंबर. विमा कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू भंगारात देऊ नका. घाण असेल तर फोटो काढून अंगणात ठेवा. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर तर येतोच, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही येतं. छोट्या व्यापाऱ्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. बऱ्याच घरांच्या कर्जाबरोबर अशी पॉलिसी काढलेली असते आणि घरच्यांना ते माहीतच नसतं. बँकेची फाइल एकदा उघडून बघा, पाऊस सुरू व्हायच्या आधी. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, त्याबद्दल तुमच्या सीएशी बोला. आमचे रोजचे मीटरचे तक्ते, फोटो आणि बिल आम्ही सर्व्हेअरला दाखवता येतील असे सही करून देतो.

आमचं काम आणि पैसे

फोन करताना तीन गोष्टी सांगा: पाणी कुठून आलं, किती उंच चढलं, उतरून किती वेळ झाला. जमलं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. जागा बघितल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. बघितल्यावर लेखी देतो: गाळ आणि पाणी काढण्याचे एकदाच, आणि यंत्रांचं भाडं दिवसाप्रमाणे. आकडे मापाशी आले त्या दिवशी यंत्रं उचलतो, पुढचा दिवस लावत नाही. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम आम्ही करत नाही. मात्र गळती नेमकी कुठून आहे ते शोधून देतो आणि ती बंद झाल्याशिवाय वाळवायला सुरुवात करत नाही. पूर आला की एकाच दिवशी शहरभरातून फोन येतात. तेव्हा वृद्ध, बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घरांना आम्ही आधी जातो, मग दवाखाने, मग बाकीचे. तुमचा नंबर मागे असेल तर तुमची पाळी केव्हा येईल ते त्याच दिवशी कळवतो, आणि तोवर काय करून ठेवायचं तेही सांगतो.