‘करंट’ची कुळकथा

कोल्हापुरात तालमीतल्या पैलवानाचा गुडघा दुखावला की आधी मालिश होते. तिनं भागलं नाही की तो फिजिओथेरपीला येतो आणि टेबलावर बसायच्या आत विचारतो, ‘मॅडम, करंट लावणार काय?’

ओला पॅड मांडीवर पट्टीनं आवळते आणि पेनासारखा इलेक्ट्रोड हळूहळू सरकवत नेते. एका नेमक्या जागी आला, की गुडघ्याच्या वरचा आतला स्नायू टरारून उभा राहतो. बोटभर बाजूला गेलं तर नुसत्या मुंग्या येतात. थोड्या विजेत स्नायू उचलणाऱ्या अशा जागा फ्रान्सच्या द्यूशेन या डॉक्टरांनी धीरानं शोधल्या. १८५५ साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या आधी स्नायूत सुया टोचून वीज देत. त्यांनी ओले इलेक्ट्रोड कातडीवर ठेवले. माझ्या हातातला पॅड त्याच घराण्यातला.

मशीनवरची दोन नावं त्याहून जुनी. बेडकाच्या पायावर प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानींनी १७९१ मध्ये आपलं लिखाण छापलं, त्यांच्यावरून ‘गॅल्व्हानिक’. फॅरेडेंनी १८३१ मध्ये चुंबकातून वीज मिळवली, त्यांच्यावरून ‘फॅरेडिक’. हा फरक नावापुरता नाही. स्नायूला मेंदूचा हुकूम पोचवणारी नस शाबूत असेल तर मिलिसेकंदाएवढा, सेकंदाला पन्नासेक वेळा येणारा फॅरेडिक झटका पुरतो. नस तुटली असेल तर स्नायूलाच जागं करावं लागतं, आणि त्याला शंभरेक मिलिसेकंदांचा लांब गॅल्व्हानिक झटका लागतो. म्हणून शेजाऱ्याचं मशीन आणून कुणालाही लावणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. त्यात घरात कुणाला पेसमेकर असेल तर विचारूच नका.

दुखण्यावरची वीज मात्र फार पुरातन. पहिल्या शतकात रोमच्या स्क्रिबोनियस लार्गस या वैद्यानं पायाच्या गाऊटवर जिवंत विजेरी मासा पायाखाली धरायला सांगितलं होतं. त्यामागचं कारण नीट मांडायला १९६५ उजाडलं. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी सांगितलं, की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांची वाट अडवतात. कोपर आपटलं की आपण ते चोळतो, तसंच. पुढं त्यातूनच ‘टेन्स’, म्हणजे कातडीवरून नसांना वीज देऊन दुखणं कमी करायचा उपचार, रुळला.

पैलवानाचा स्नायू उचलला की मी म्हणते, ‘पैलवान, आता करंटबरोबर तुम्ही पण आवळा.’ काही दिवसांनी न सांगता बटण बंद करते. तरी मांडी टरारली, की पॅड सोडून ठेवते.