पोराचं गुडघ्याजवळचं दुखणं रात्री वाढत असेल तर आधी हे वाचा (आमच्या एक्स-रे सेंटरकडून)

नमस्कार दादा, ताई, काका, मावशी. आमच्याकडे येणारे जास्त करून पडल्या-झडल्याचे पेशंट, कोणाची गाडी स्लिप झाली, कोणी बैलाच्या धक्क्याने पडलं, हाड मोडलं नाही म्हटलं की जीव भांड्यात पडतो आणि घरी जातात. पण अधूनमधून एखादी फिल्म अशी निघते की आम्हालाच बोलायला शब्द सापडत नाही.

गेल्या साली पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत एक भाऊ 14 वर्षांच्या पोराला मोटरसायकलवर घेऊन आले. कबड्डीत गुडघ्याला मार लागला म्हणून दोन महिने मालिश, शेक, पट्टा सगळं झालं होतं, सूज मात्र वाढतच गेली. फिल्म लाईटवर लावली तर मांडीचं हाड गुडघ्याच्या वर पोखरल्यासारखं, आणि तिथून बाहेर पांढऱ्या रेघा, लेकरं पाटीवर सूर्याची किरणं काढतात तशा. असं चित्र ऑस्टिओसारकोमाचं असू शकतं. हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये पोरांना सगळ्यात जास्त होणारा हाच, साधारण 10 ते 20 वय, म्हणजे उंची झपाट्याने वाढते त्याच काळात, आणि जागा बहुतेक गुडघ्याच्या वर-खाली नाहीतर खांद्याजवळ. तो पसरला तर आधी फुफ्फुसात जातो म्हणून छातीचा सीटी स्कॅन सांगतात, तेव्हा "पाय दुखते तर छाती कायले पाहता" असं म्हणू नका. आणि मार लागल्याने कॅन्सर होत नाही बरं, गाठ आधीच असते, माराच्या निमित्ताने तिकडे लक्ष जातं, त्यामुळे "मीच त्याला खेळायला पाठवलं" म्हणून कोणत्याही मायने स्वतःला दोष देऊ नये.

दुसरा युइंग सारकोमा, हाही पोरांचाच. हा फसवतो, कारण ताप येतो, जागा गरम लागते, सूज येते, हाडात पू झाला असंच वाटतं. लांब हाडाच्या मधल्या भागात, कंबरेच्या हाडात, बरगडीत होतो आणि एक्स-रेत कधी कधी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात.

कॉन्ड्रोसारकोमा कूर्चेचा (सांध्यातल्या मऊ हाडाचा) कॅन्सर, बहुतेक चाळिशीच्या पुढचा, हळूहळू वाढतो, फिल्मवर मक्याच्या लाह्या सांडल्यासारखे ठिपके. याच्यावर केमो (कॅन्सर मारणारी औषधं) फारसं चालत नाही, ऑपरेशनच मुख्य. आणि म्हाताऱ्या माणसाच्या हाडात कॅन्सर दिसला तर तो बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला असतो, स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट अशा ठिकाणहून, किंवा मग मल्टिपल मायलोमा, तो हाडाच्या मगजातला, त्यात पाठ दुखते, रक्त कमी होते.

आता घाबरून जाऊ नका, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, साध्या गाठीच जास्त. पण एकाच जागी दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं, आराम करूनही न थांबणारं, दोन-तीन आठवडे झाले तरी तसंच, किंवा हाताला कडक सूज लागते, किंवा जराशा धक्क्याने हाड मोडलं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरला दाखवून एक्स-रे काढा. तोवर मालिश आणि दाबून बसवणं पूर्ण बंद. हे आम्ही हात जोडून सांगतो, कारण त्या दोन महिन्यांची किंमत त्या पोराने मोजली.

एक्स-रेत शंका आली तरी पक्कं निदान बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्यावरच, होते, आणि ती कुठेही करू नका, जिथे पुढे ऑपरेशन होणार तिथेच करा. सुई चुकीच्या वाटेने गेली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. आजकाल ऑस्टिओसारकोमात आधी केमो, मग गाठ काढून आत धातूचा सांधा बसवतात, बऱ्याच पोरांचा पाय वाचतो, फक्त वेळेवर पोचलं पाहिजे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं हॉस्पिटल जवळ पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करणारा माणूस) भेटा.

आमच्याकडे येताना उपाशी यायची गरज नाही. बाई गरोदर असेल तर आधी सांगा. जुन्या फिल्म असतील तर त्याही आणा, घडी घालू नका, आणि नागपूरला जाताना फिल्मच न्या, मोबाईलवर काढलेल्या फोटोत त्या बारीक रेघा दिसत नाहीत.