ईमेल व्हायरसची अफवा

नसलेल्या व्हायरसचा इशारा देणारा आणि ‘ओळखीच्या सगळ्यांना ताबडतोब पाठवा’ असा आग्रह धरणारा संदेश. यात प्रोग्रॅम नसतो. प्रती काढायचे काम वाचणाराच करतो, तेही चांगल्या हेतूने.

गाजलेली सुरुवातीची अफवा १९९४ ची, ‘गुड टाइम्स’. या विषयाचा मेल नुसता वाचला तरी हार्ड डिस्क पुसली जाते, असा तिचा दावा. तेव्हा साधा मजकूर वाचून असे काही होणे शक्य नव्हते. पुढे १९९९ मध्ये ‘बबलबॉय’ नावाचा व्हायरस आऊटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रॅममधल्या त्रुटीमुळे मेल पाहताच चालू लागला, तेव्हा थट्टेतले भाकीत थोडेफार खरे ठरले.

सर्वांत चलाख अफवा २००२ ची. ती सांगे: संगणकात ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ ही फाइल शोधा. तिचे चिन्ह टेडी बेअरचे असेल, तर ती व्हायरस आहे, काढून टाका. लोक शोधत आणि अस्वल खरोखर सापडे. सापडणारच, कारण ती मायक्रोसॉफ्टच्या जावा प्रणालीचीच फाइल होती. म्हणजे अफवेचा पुरावा प्रत्येकाच्या संगणकात आधीच ठेवलेला! ती पुसून बहुतेकांचे काही बिघडले नाही, एवढे नशीब. आदल्या वर्षी विंडोजच्याच ‘एसयूएलएफएनबीके’ फाइलबद्दल अशीच हूल उठली होती. गंमत म्हणजे ‘मॅजिस्ट्र’ हा खरा व्हायरस कधीकधी याच नावाची बाधित फाइल मेलला जोडून पाठवत असे.

खरा धोका बहुधा अटॅचमेंटमधून येतो, तोही ओळखीच्या नावाने. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ मेलच्या फाइलचे नाव ‘टीएक्सटी’ने संपते असे वाटे, विंडोज शेवटचे ‘व्हीबीएस’ (प्रोग्रॅम असल्याची खूण) लपवत असल्याने प्रोग्रॅम प्रेमपत्रासारखा दिसला. म्हणून विंडोजमध्ये फाइलचे पूर्ण नाव दिसेल अशी सेटिंग ठेवावी. न मागितलेले बिल किंवा पासवर्ड लावलेली झिप (आवळून बांधलेली) फाइल आली, तर पाठवणाऱ्याला आधी फोन करावा. वर्ड-एक्सेलच्या फाइलीने मॅक्रो, म्हणजे तिच्यात दडलेला छोटा प्रोग्रॅम, चालू करायला सांगितले, तर करू नये. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवले आहेत.

भारतात हा खेळ आता व्हॉट्सॲपवर चालतो: वाहतुकीचे ई-चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ (अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी) फाइल येते आणि इन्स्टॉल झाल्यावर एसएमएस वाचायची परवानगी मागते, म्हणजे बँकेचा ओटीपीही तिच्या हाती.