युद्धाच्या कायद्यानं बाईला कधी विचारलं?

१९४९ साली चार महिन्यांच्या अंतरानं दोन मजकूर कायद्याच्या पुस्तकात गेले. ऑगस्टमध्ये जिनिव्हात युद्धकाळातल्या नागरिकांसाठीचा चौथा करार झाला. त्याच्या २७व्या कलमात स्त्रियांना अब्रूवरील हल्ल्यापासून, विशेषतः बलात्कार आणि सक्तीच्या वेश्याव्यवसायापासून, संरक्षण देण्याचं वचन आहे. डिसेंबरात दिल्लीत अपहृत व्यक्तींच्या सुटकेचा कायदा मंजूर झाला. फाळणीच्या दंगलीत पळवल्या गेलेल्या बायकांना शोधायचं आणि ‘आपल्या’ देशात पोचवायचं, हा त्याचा हेतू.

या दुसऱ्या कायद्यातली व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. अपहृत व्यक्ती म्हणजे सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. १ मार्च १९४७ नंतर घरच्यांपासून तुटलेली आणि दुसऱ्या कुणाच्या घरात आढळलेली मुस्लिम बाई या व्याख्येत बसे. हिंदू-शीख बायकांना पाकिस्तानातून आणण्याचं काम दोन्ही सरकारांच्या समझोत्यानं चालू होतं. मुलगा सोळाव्या वर्षी स्वतःचा मुखत्यार होई. बाई पन्नाशीची झाली तरी होत नसे. तिला निघायचं आहे की राहायचं आहे, हा प्रश्न कायद्याच्या लेखी उद्भवतच नव्हता.

सामाजिक कार्यकर्त्या मृदुला साराभाईंच्या पुढाकारानं चाललेल्या या मोहिमेत दोन्ही बाजूंच्या मिळून ३० हजारांच्या आसपास बायका परत आणल्या गेल्या. ज्या खरोखर कोंडल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी ही माणसं देवासारखी धावून आली, हे विसरून चालणार नाही. पण काहींनी मधल्या काळात संसार मांडला होता, कडेवर मूल होतं, आणि माहेरचे दारात उभं करतील याची खात्री नव्हती. त्यांनाही उचललं. अनेकींना मुलं मागे ठेवून यावं लागलं. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपहृत व्यक्तीला असं ताब्यात घेणं म्हणजे राज्यघटनेच्या अर्थानं अटक नव्हे. म्हणजे अटक झालेल्या चोराला जे संरक्षण होतं, तेही या बायकांना नव्हतं.

या दोन्ही मजकुरांची मुळं जुनी आहेत. अमेरिकी यादवीत, १८६३ साली, लिंकनच्या सैन्यासाठी जी आचारसंहिता निघाली, तिच्यात बलात्काराला देहदंड सांगितला होता. शब्दांची आडवळणं नव्हती. पुढे १९०७ च्या हेग नियमांत मात्र बलात्कार हा शब्दच गळाला. व्यापलेल्या मुलखात ‘कौटुंबिक अब्रू आणि हक्क’ यांचा मान राखावा, एवढंच उरलं. इजा बाईच्या देहाला, नुकसान मात्र घराण्याचं. १९४९ मध्ये बलात्कार हा शब्द परत आला, तोही अब्रूचा हात धरून.

याच हेगमध्ये १९१५ च्या एप्रिलअखेरीस, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, बारा देशांतल्या हजाराहून अधिक बायका जमल्या. त्यांत एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या देशांतल्याही होत्या. अध्यक्ष होत्या शिकागोच्या समाजसेविका जेन अॅडम्स. ब्रिटनहून निघू पाहणाऱ्यांची वाट उत्तर समुद्रातली वाहतूक बंद झाल्यानं अडली. ज्या पोचल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. परिषदेनं युद्ध थांबवण्यासाठी तटस्थ देशांची मध्यस्थी मागितली, बायकांना मताधिकार मागितला, आणि तहाच्या वाटाघाटींत बायका असाव्यात असंही म्हटलं. नंतर त्यांची शिष्टमंडळं युरोपातल्या राजधान्यांत जाऊन मंत्र्यांना भेटली. वर्तमानपत्रांनी टर उडवली. १९१९ मध्ये पॅरिसला तहाची बोलणी चालू असताना या बायकांनी झुरिकमध्ये आपली सभा भरवली, आणि जर्मनीवर लादलेल्या अटींतून नवं वैर उगवेल असं तेव्हाच सांगितलं. त्यांचं कुणी ऐकलं नाही, आणि वीस वर्षांत पुन्हा महायुद्ध झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खटल्यांत बायकांच्या वाट्याला फारसं आलं नाही. न्यूरेंबर्गच्या सनदेत बलात्काराचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. टोकियोत, चीनमधल्या नानजिंग शहरात जपानी सैन्यानं केलेल्या अत्याचारांचे पुरावे नोंदले गेले, पण जपानी सैन्यानं कोरिया, चीन आणि इतर ठिकाणांहून आणून लष्करी कुंटणखान्यांत ठेवलेल्या बायकांबद्दल कुणावर खटला भरला गेला नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांतल्याच किम हाक-सुन या कोरियन बाईनं आपल्या नावानिशी, चेहरा न लपवता, ती हकिगत सांगितली. तिच्या पाठोपाठ इतर देशांतल्या वृद्धाही बोलू लागल्या. तोवर अर्धं शतक उलटलं होतं.

बांगलादेशात गोष्ट जरा वेगळी घडली. १९७१ च्या युद्धानंतर नव्या सरकारनं अत्याचारग्रस्त बायकांना लगेच ‘वीरांगना’ हा किताब दिला, पुनर्वसन केंद्रं उघडली, गर्भपाताचे निर्बंध काही काळ सैल केले. हेतू चांगलाच होता. पण गावात तो किताबच शिक्क्यासारखा कपाळी बसला, आणि बहुतेकींनी तोंड मिटलं. मुक्तियोद्धा म्हणून, म्हणजे लढवय्या पुरुषांच्या बरोबरीनं, त्यांतल्या काहींची नावं सरकारी राजपत्रात यायला २०१५ साल उजाडलं. गौरव आणि हक्क यांत केवढं अंतर असतं, ते या ४४ वर्षांत दिसतं.

न्यायाचं चक्र फिरलं ते एका प्रश्नामुळे. रवांडातल्या १९९४ च्या नरसंहारासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे ताबा या गावगटाचा प्रमुख झाँ-पॉल अकायेसू याचा खटला १९९७ च्या सुरुवातीला उभा राहिला. आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. तपासात कुणी तो विषय नेटानं काढलाच नव्हता. साक्षीत एक बाई सहज बोलून गेली की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. पीठावर तीन न्यायाधीश होते. त्यांतल्या एकट्या स्त्री न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ वंशाच्या नवी पिल्ले, यांनी तो धागा सोडला नाही. पुढच्या साक्षीदारांकडूनही तेच येऊ लागलं. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा नरसंहाराचा एक मार्ग ठरू शकतो, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदा मान्य केलं. त्या निकालातल्या व्याख्येत अब्रू कुठेच नाही. आहे ती बळजबरीची परिस्थिती आणि बाईच्या शरीरावरचं आक्रमण. न्यायासनावर कोण बसतं यानं काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा.

पुढचं भराभर झालं. त्याच वर्षी रोम इथं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या संविधीत बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीचं गर्भारपण हे मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून नावानिशी आले. २००१ च्या फेब्रुवारीत बोस्नियातल्या फोचा गावच्या खटल्यात, बायकांना घरांत डांबून वापरणाऱ्यांना गुलामगिरीच्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली. मुख्य आरोपीला २८ वर्षं.

शिक्षा झाली तरी तहाच्या टेबलावर कोण, हा १९१५ चा प्रश्न तसाच होता. त्यावर संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद ३१ ऑक्टोबर २००० रोजी बोलली. ठराव क्रमांक १३२५, एकमतानं मंजूर. अध्यक्षपद त्या महिन्यात नामिबियाकडे होतं, आणि मे महिन्यात त्या देशाच्या राजधानीत, विंडहूकला झालेल्या घोषणापत्रातून त्याची जमीन तयार झाली होती. त्यामागे स्त्री संघटनांची अनेक महिन्यांची धावपळ होती. अठरा कलमांच्या या ठरावाची भाषा मात्र मवाळ आहे: आवाहन करते, आग्रह धरते, प्रोत्साहन देते. न पाळल्यास काय, याला उत्तर नाही. १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांपैकी १३ टक्के, आणि सह्या करणाऱ्यांपैकी फक्त ६ टक्के बायका होत्या.

टेबलावर जागा नसली की बायका दार अडवतात. २००३ मध्ये लायबेरियातली यादवी थांबवण्यासाठी तहाची बोलणी घानात अक्रा इथं रेंगाळली होती. मायदेशी माणसं मरत होती आणि लढणाऱ्या टोळ्यांचे सरदार हॉटेलात मजेत राहत होते. लायबेरियातल्या शांतता चळवळीची नेती लेमा बोवी आणि तिच्या पांढऱ्या कपड्यांतल्या सोबतिणींनी सभागृहाच्या दारात ठाण मांडलं. करार झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. अटक करायला पोलीस आले तेव्हा बोवी स्वतःचे कपडे उतरवू लागली. तिथल्या समजुतीत आईनं असं करणं हा शाप. पोलीस मागे हटले. १८ ऑगस्टला करार झाला.

तह झाल्यावरही बायका गळतात त्या बारीकसारीक अटींत. सिएरा लिओनमध्ये लढवय्यांच्या पुनर्वसनाची योजना आली, तेव्हा सुरुवातीला बंदूक जमा केली तरच नाव लागे. पळवून नेलेल्या, टोळीसाठी रांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, ‘बायको’ म्हणून ठेवलेल्या मुलींकडे कुठली बंदूक? उलट रवांडात अवघड गाठ सुटली. तिथं १९९९ च्या कायद्यानं मुलींना वारसाहक्क मिळाला, कारण हजारो विधवा आणि अनाथ मुली ज्या जमिनीवर राबत होत्या ती त्यांच्या नावावर होऊ शकत नव्हती.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘इस्लामिक स्टेट’नं इराकमधल्या सिंजारवर हल्ला करून यझिदी या तिथल्या अल्पसंख्य धर्माच्या हजारो बायका-मुली गुलाम केल्या. २०२१ च्या मार्चमध्ये इराकनं वाचलेल्यांसाठी कायदा केला: दरमहा भत्ता, जमिनीचा तुकडा, शिक्षणाची सोय. मागच्या शतकाच्या मानानं हे बरंच आहे. बलात्कारातून जन्मलेल्या मुलांबद्दल मात्र त्यात काही नाही. त्याआधी, २०१९ मध्ये, यझिदी धर्मपरिषदेनं परतणाऱ्या बायकांना स्वीकारलं. ही मुलं त्यात येत नाहीत, असा खुलासाही दोन-चार दिवसांत केला. सीरियातल्या अल-होल छावणीत काही बायका आपण यझिदी आहोत हे लपवून राहिल्या. ओळख सांगितली असती तर सुटका झाली असती, आणि मूल मागे ठेवावं लागलं असतं.