रेफरन्स फील्ड आणि लॉगिन : दोषशोध

वेब फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात) एका टेबलातली नोंद ज्या रकान्यातून दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवते, त्याला रेफरन्स फील्ड म्हणतात. डेटाबेसवाल्यांच्या बोलीत हीच फॉरेन की. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) मांडले, त्या निबंधातच ही संज्ञा येते. रकान्यात प्रत्यक्ष असतो तो बहुधा नुसता आकडा. लेख कोणाचा? तर १७ चा. हा १७ कोण, ते युजर टेबल सांगते; आणि आत्ता ब्राउझरसमोर बसलेली व्यक्ती तीच १७ आहे का, ते ऑथेंटिकेशन ठरवते. बहुतेक ॲप्लिकेशनमध्ये सर्वाधिक बोटे युजर टेबलाकडेच वळलेली असतात. म्हणून लॉगिन बिघडल्यासारखे दिसते तेव्हा दोष अनेकदा टेबलात निघतो, आणि टेबलाची एरर दिसते तेव्हा लॉगिनमध्ये.

नेहमीचा घोटाळा असा. फॉर्म पाठवला की डेटाबेस ‘हा रकाना रिकामा चालणार नाही’ म्हणून नोंद परत फेकतो. लेखकाच्या रकान्यात चालू युजर आपोआप बसावा अशी सोय कोडमध्ये असते, पण त्या पानावर लॉगिनची सक्ती करायची राहिलेली असते. लॉगिन नसताना वेबटूपाय या पायथन फ्रेमवर्कमध्ये युजर आयडी ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) येतो. जँगो हे दुसरे पायथन फ्रेमवर्क ‘ॲनॉनिमस युजर’ (अनोळखी युजर) नावाचे ऑब्जेक्ट पुढे करते. ते रेफरन्समध्ये बसवायला गेल्यास ‘हा युजर नव्हे’ अशी एरर मिळते. यावर रकाना रिकामा ठेवायची मुभा देऊन मोकळे होणारे पुष्कळ. एरर जाते खरी, पण बेवारस नोंदी साचू लागतात. त्याहून वाईट उपाय म्हणजे युजरचा आयडी फॉर्ममध्ये लपवून पाठवणे: ब्राउझरमध्ये १७ चे १८ करायला कोणाला अक्कल लागत नाही. आयडी सर्व्हरवर, सेशनमधूनच (लॉगिन कोणाचे आहे याची ठेवलेली आठवण) घ्यायचा.

क्रम चुकल्यानेही गाडी अडते. वेबटूपायमध्ये मॉडेलच्या, म्हणजे टेबलांची रचना सांगणाऱ्या, फाइली वर्णानुक्रमे चालतात, त्यामुळे ऑथची (लॉगिन सांभाळणाऱ्या भागाची) टेबले उभी राहण्यापूर्वी त्यांचा रेफरन्स घेतला तर फसगत होते. जँगोने १.५ आवृत्तीपासून (२०१३) स्वतःचे युजर मॉडेल लावण्याची सोय दिली. मात्र तो निर्णय पहिल्या मायग्रेशनआधी (टेबलांची रचना डेटाबेसवर चढवण्याआधी) घ्यावा लागतो. चालू प्रकल्पात युजर मॉडेल बदलणे म्हणजे घरात माणसे राहत असताना पाया बदलणे.

‘स्वतःचाच लेख मला दुरुस्त करू देत नाही’ ही तक्रार आली की अधिकारांचे नियम उसवण्याआधी तुलना तपासावी. टेबलातून १७ हा अंक येतो, सेशनमधून किंवा पानाच्या पत्त्यातून (यूआरएल) ‘१७’ ही अक्षरे. अनेक भाषांत दोन्ही समान ठरत नाहीत. पानावर नावाऐवजी नुसता १७ दिसणे हा मात्र किरकोळ प्रकार. नोंद कशी दाखवायची ते मॉडेलमध्ये सांगितलेले नसते, इतकेच.

खरा धोका गप्प बसणाऱ्या डेटाबेसचा. एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसमध्ये फॉरेन कीची अंमलबजावणी ३.६.१९ आवृत्तीत (२००९) आली, पण ती सहसा बंदच असते आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते. मायएसक्यूएल या डेटाबेसचे जुने मायआयसॅम इंजिन (डेटा साठवणारा भाग) फॉरेन की वाचते आणि निमूट सोडून देते. आता १७ क्रमांकाचा युजर काढून टाकला, त्याचे लेख मागे उरले, असे समजा. एसक्यूलाइटच्या टेबलाला ऑटोइन्क्रिमेंट (वापरलेला क्रमांक पुन्हा न देण्याची सोय) लावलेले नसेल आणि १७ हा शेवटचा क्रमांक असेल, तर पुढचा नोंदणी करणारा नवा माणूस पुन्हा १७ होतो. जुने लेख अलगद त्याच्या नावावर चढतात, आणि सेशनमध्ये नुसता आयडी ठेवलेला असेल तर जुन्या माणसाची कुकी (ब्राउझरने जपलेली ओळखखूण) नव्याच्या खात्यात शिरते. एरर कुठेच उमटत नाही.

युजर काढताना त्याच्या नोंदींचे काय करायचे हेही फ्रेमवर्कगणिक बदलते. वेबटूपाय मुळात कॅस्केड लावते, म्हणजे युजरसोबत त्याचे सगळे लेख जातात. जँगोने २.० पासून (२०१७) हा पर्याय स्पष्ट लिहिणे सक्तीचे केले, ते बरेच झाले. खाते न पुसता निष्क्रिय करणे बहुतेक वेळा शहाणपणाचे.

जोडायच्या दोन रकान्यांचे प्रकारही जुळावे लागतात. रेल्स या रूबी फ्रेमवर्कने ५.१ आवृत्तीत प्रायमरी की (नोंदीचा स्वतःचा क्रमांक) बिगइंट (मोठा पूर्णांक) केली. जुन्या पद्धतीच्या इंटिजर रकान्यातून तिच्याकडे फॉरेन की बांधू गेल्यास मायएसक्यूएल नकार देते.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही, अशा वेळी रकान्याची लांबी पाहावी. पासवर्ड थेट न साठवता त्याचा हॅश, म्हणजे उलट न उलगडणारे रूप, साठवतात; बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो. रकाना ५० चा आणि मायएसक्यूएलची कडक तपासणी बंद असेल, तर हॅश मुकाट्याने कापला जातो आणि कोणताही पासवर्ड कधीच जुळत नाही. लॉगिन होते पण पुढच्या पानावर पुन्हा लॉगिनच समोर येते, तेव्हा गाठ कुकीशी असते: ‘सिक्युअर’ खूण असलेली कुकी साध्या, एन्क्रिप्ट नसलेल्या एचटीटीपीवर ब्राउझर परत पाठवत नाही, आणि क्रोमने २०२० साली ८० व्या आवृत्तीपासून ‘सेमसाइट’ (कुकी दुसऱ्या साइटवरून जावी का ते सांगणारी खूण) न लिहिलेल्या कुकीला ‘लॅक्स’ (दुसऱ्या साइटच्या चौकटीतून न जाणारी) मानायला सुरुवात केल्यावर दुसऱ्या साइटच्या चौकटीत चालणारी कितीतरी लॉगिने अशीच गोल फिरू लागली.